नाही म्हणणाऱ्याचीही मुलाखत घ्या

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत हल्ली एक प्रकल्प हटकून दिला जातो. नवे काही घडवून दाखवलेला एखादा माणूस गाठायचा, त्याची मुलाखत घ्यायची आणि नवोन्मेषाचे व्यवस्थापन प्रत्यक्षात कसे चालते ते लिहून आणायचे. दिवाळी अंकांतल्या उद्योजकांच्या मुलाखती, रविवारच्या पुरवण्या आणि अलीकडचे पॉडकास्ट यांचाही दावा थोड्याफार फरकाने हाच असतो. या सगळ्यांत पहिला प्रश्न ठरलेला: ‘ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?’ उत्तराचा साचाही ठरलेला. लहानपणी सोसलेली अडचण, अचानक चमकलेला विचार, लोकांनी केलेली चेष्टा, न सोडलेली जिद्द आणि शेवटी यश. वाचून बरे वाटते, दोन दिवस उत्साहही टिकतो. पण ज्यासाठी मुलाखत घेतली ते व्यवस्थापन त्यात औषधालाही सापडत नाही. पहिल्या वर्षाचा खर्च कोणत्या खात्यावर टाकला होता? त्या खर्चापायी दुसरे कोणते काम थांबले? कोणाच्या सहीने प्रयोग पुढे सरकला आणि कोणाच्या सहीवाचून अडून राहिला? हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

माझे म्हणणे असे आहे की, नवोन्मेषाचे व्यवस्थापन म्हणजे अपुऱ्या माहितीवर, बहुधा दुसऱ्याच्या पैशाने आणि मुदतीच्या दडपणाखाली घेतलेले निर्णय. कल्पना सुचणे हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग. यशस्वी झालेल्या माणसाला मात्र नेमके हे निर्णयच सांगण्याजोगे वाटत नाहीत. ते त्याला कारकुनी वाटतात, क्वचित अडचणीचेही वाटतात. म्हणून मुलाखत कल्पनेभोवती न घुटमळता निर्णयांच्या मागोमाग गेली पाहिजे आणि एकट्या नायकापाशी संपता कामा नये. त्या कामाला ‘नाही’ म्हणालेला माणूस आणि तशाच पण बंद पडलेल्या कामाचा प्रमुख, हे दोघे बोलल्याशिवाय आपल्या हाती पडते ती यशाची आरती.

इथे कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. अडचण स्मरणशक्तीच्या स्वभावातच आहे. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबतीत फार बोलका आहे. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचा एक लहानसा वृत्तान्त वाचायला दिला. काहींना सांगितले की इंग्रज जिंकले, काहींना की गुरखे जिंकले, काहींना आणखी वेगळा शेवट सांगितला. मग विचारले, शेवट माहीत नसता तर यापैकी काय घडेल असे तुम्हाला वाटले असते? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच अधिक संभाव्य वाटला. आपल्या उत्तरावर सांगितलेल्या शेवटाचा परिणाम झाला आहे, याची त्यांना जाणीवही नव्हती. दूरच्या, आपला काहीही संबंध नसलेल्या लढाईबद्दल असे होत असेल, तर ज्यात आपले आयुष्य, अब्रू आणि भागभांडवल गुंतले आहे त्या कामाबद्दल काय होत असेल? ‘मला आतून खात्री होती’ हे वाक्य यशस्वी माणूस खोटेपणाने उच्चारत नाही. यश मिळाल्यानंतर ती खात्री मागे जाऊन बसते, आणि तिथे ती पहिल्यापासूनच होती असे त्याला मनापासून वाटू लागते.

नवोन्मेषाच्या कथांमध्ये सर्वाधिक सांगितली गेलेली कथा बहुधा अमेरिकेतल्या थ्री एम कंपनीच्या पोस्ट-इट चिठ्ठ्यांची असेल. आर्ट फ्राय नावाचा कर्मचारी चर्चमध्ये सामूहिक गायन करी. भजनाच्या पुस्तकात खुणेसाठी घातलेले कागदाचे कपटे घसरून पडत, आणि एके दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कथा खरी आहे. पण तिच्या तारखा नीट मांडल्या की वेगळेच चित्र दिसते. तो विशिष्ट गोंद स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागला १९६८ साली, तोही पक्का चिकटणारा गोंद शोधताना. हा गोंद जेमतेम चिकटे आणि सहज सुटे. पुढची अनेक वर्षे सिल्व्हर कंपनीतल्या निरनिराळ्या विभागांत जाऊन त्यावर व्याख्याने देत राहिला. उपयोग कोणालाच सुचत नव्हता. फ्रायचा चर्चमधला तो क्षण १९७४ चा. अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षांच्या हिशेबात तो प्रसिद्ध क्षण एका रविवारपुरता आहे. उरलेला सगळा काळ व्यवस्थापनाचा आहे, आणि मुलाखतीत तोच गळतो.

त्या काळाबद्दल विचारायला लागले की खरे प्रश्न पुढे येतात. उपयोग नसलेल्या गोंदावर बोलत फिरणाऱ्या माणसाला सहा वर्षे पगार कोणी दिला आणि त्याच्या नावापुढे कोणते काम लिहून दिला? चिठ्ठी काढल्यावर गोंद खालच्या कागदावर न राहता चिठ्ठीलाच राहावा, हा किचकट प्रश्न रॉजर मेरिल आणि हेन्री कोर्टनी यांनी सोडवला. त्यांची नावे कथेत का येत नाहीत? आणि सर्वांत महत्त्वाचे, १९७७ साली चार शहरांत ही वस्तू चाचणीसाठी विकायला ठेवली तेव्हा निकाल निराशाजनक आला. तरीही काम बंद का झाले नाही?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरोखर शिकवण्यासारखे आहे. विक्री विभागाच्या ज्या लोकांनी ‘नाही’ म्हटले ते मूर्ख नव्हते. त्यांच्या हातात आकडे होते. फरक पडला तो ते आकडे नेमके काय मोजतात, हे विचारल्यामुळे. जाहिरात वाचून ही वस्तू कळतच नव्हती, ती वापरावी लागत होती. म्हणून १९७८ मध्ये आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात नमुने फुकट वाटले. ज्यांनी वापरले त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी विकत घेण्याची तयारी दाखवली. यात जिद्द आहे, पण जिद्दीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चाचणीची रचना बदलण्याचा निर्णय आणि त्यासाठी पुन्हा एकदा पैसे देणारा वरिष्ठ. ही गोष्ट कळायची तर फ्रायइतकाच १९७७ चा तो विक्री अहवाल लिहिणारा माणूस समोर बसायला हवा.

आता त्याच कंपनीतले दुसरे काम पाहू. थ्री एम म्हटले की तिच्या प्रयोगशील वातावरणाचे दाखले देतात: कर्मचाऱ्याने आपला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या कामाला द्यावा अशी मुभा, चुका सहन करण्याची परंपरा. पोस्ट-इटच्या यशाचे कारण म्हणून हेच सांगितले जाते. पण याच वातावरणात थ्री एमने लॉस एंजेलिसचे डॉ. विल्यम हाउस यांच्या साथीने बहिऱ्या माणसांसाठी कानात बसवायचे उपकरण, कॉक्लियर इम्प्लांट, बाजारात आणण्याचा घाट घातला. १९८४ मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता सर्वांत आधी मिळाली ती त्यांच्या एकमार्गी उपकरणाला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून आलेल्या बहुमार्गी उपकरणाला मान्यता मिळाली, वैद्यकीय जगाचा कल तिकडे झुकला, आणि काही वर्षांत थ्री एमने या व्यवसायातून अंग काढून घेतले. कंपनी एक, परंपरा एक, पंधरा टक्क्यांची मुभाही एक. म्हणजे यशाचे जे कारण प्रत्येक मुलाखतीत सांगितले जाते ते अपयशातही हजर होते. जे दोन्हीकडे हजर आहे ते एकट्या यशाचे कारण कसे ठरेल?

हे दुसरे काम आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे याचेही कारण आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या अँड्र्यू व्हॅन डी व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पासून काही नवोन्मेषांचा, त्यांचा निकाल लागण्याआधीच, माग काढायला सुरुवात केली. त्यांत हे उपकरणही होते. संशोधक बैठकांना बसत, ठरावीक काळाने तेच प्रश्न पुन्हा विचारत, उत्तरे कशी बदलतात ते नोंदवत. त्यांच्या अभ्यासात नवोन्मेषाचा प्रवास सरळ टप्प्यांनी जाताना दिसला नाही. कामाला फाटे फुटत, माणसे येत-जात, उद्दिष्टेही वाटेत बदलत. यशस्वी माणूस नंतर सांगतो ते ‘आधी कल्पना, मग विकास, मग विक्री’ असे शिस्तीचे चित्र घटना घडत असताना कोणाच्याच नजरेला पडत नाही. ते मागाहून काढलेले असते.

यशापयशाची जोडी लावून पाहण्याचा मार्ग त्याआधीच इंग्लंडमध्ये वापरला गेला होता. ससेक्स विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सॅफो’ नावाचा अभ्यास झाला. रसायने आणि वैज्ञानिक उपकरणे या दोन उद्योगांतले एकाच बाजारासाठी झालेले प्रयत्न त्यांनी जोडीने घेतले: एक यशस्वी, एक फसलेला. दोन्ही बाजूंच्या लोकांना तेच प्रश्न विचारले. सर्वांत ठळक फरक निघाला तो वापरणाऱ्याची गरज समजण्यातला. दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करायला लावतो. यशस्वी प्रयत्नांची जबाबदारी ज्यांच्यावर होती ती माणसे फसलेल्या प्रयत्नांतल्या माणसांपेक्षा बहुधा वरच्या पदावरची आणि अधिक अधिकार असलेली होती. एकटा, दुर्लक्षित, सगळ्यांशी भांडून जिंकलेला तरुण ही आपली लाडकी प्रतिमा इथे जरा अडखळते. आणि हे नुसत्या यशस्वी लोकांच्या शंभर मुलाखती घेऊनही कळले नसते, कारण अधिकार ज्याच्यापाशी असतो त्याला तो जाणवत नाही. ‘मी फोन केला आणि काम झाले’ असे तो सहज म्हणतो. तोच फोन दुसऱ्या कंपनीतल्या माणसाला करताच आला नाही, हे त्या दुसऱ्याला भेटल्यावरच समजते.

टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर यांचे १९६१ चे पुस्तक तर अशा मुलाखतींवरच उभे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरू पाहणाऱ्या स्कॉटलंडमधल्या कंपन्यांत ते गेले, साहेबांपासून खालपर्यंत लोकांशी बोलले. काही कंपन्यांत प्रत्येकाच्या कामाची हद्द पक्की आखलेली होती, हुकूम वरून खाली येत. स्थिर धंद्याला ते ठीक होते. बदलत्या तंत्रज्ञानात मात्र अशा कंपन्या गुदमरत. त्यांनी प्रयोगशाळा उभारल्या, पण त्या कारखान्यापासून तोडून ठेवल्या, आणि कोणाचा मान मोठा यावरून आतल्या आत खेचाखेची चाले. तग धरणाऱ्या कंपन्यांत हद्दी सैल होत्या, माणसे ज्याला माहिती असेल त्याच्याकडे जात. यातून मुलाखत घेणाऱ्याने एक धडा घ्यावा. ‘आमच्याकडे नवोन्मेषाची प्रक्रिया पाच टप्प्यांची आहे’ असे चोख उत्तर मिळाले की खूश न होता सावध व्हावे. चोख आखणी कदाचित फक्त भिंतीवरच्या तक्त्यात असेल.

आता पुण्याचे उदाहरण घेऊ. ते माझ्या म्हणण्याची सर्वांत मोठी कसोटी आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा एक पट्टा आहे. १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मेले. या पट्ट्यातल्या बहुतेक साथींना मेनिन्गोकोकस जंतूचा ‘अ’ गट कारणीभूत असे. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने दिलेल्या सात कोटी डॉलरच्या मदतीवर ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून या एका आजाराच्या लसीचा प्रकल्प हाती घेतला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांना कळले की लस कितीही उत्तम असली तरी एका मात्रेची किंमत पन्नास सेंटच्या वर गेली, तर ती या देशांना परवडणार नाही. किंमत आधी ठरली. लस तयार व्हायची होती.

मोठ्या बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांशी बोलणी फिसकटली. मग प्रकल्पाने एकच कंपनी शोधण्याचा नाद सोडला आणि कामाचे तुकडे केले. जंतूच्या आवरणातली बहुशर्करा नेदरलँड्समधल्या एका कंपनीकडून घ्यायची. ती प्रथिनाला जोडण्याची रीत अमेरिकी अन्न आणि औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून घ्यायची. आणि लस बनवायची पुण्याच्या हडपसरमधल्या सीरम इन्स्टिट्यूटने, धनुर्वाताचे प्रथिन स्वतःचे वापरून. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रिव्हॅक’ची मोहीम सुरू झाली. किंमत ठरल्याप्रमाणे पन्नास सेंटच्या आत राहिली. पुढच्या दशकात तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि ‘अ’ गटाच्या साथी जवळपास दिसेनाशा झाल्या. २०१२ मध्ये ही लस चाळीस अंश तापमानापर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवून वापरायलाही मान्यता मिळाली. जिथे वीज नाही अशा गावांच्या दृष्टीने ही सोय लसीइतकीच मोलाची होती.

आता सांगा, या कामाचा नवोन्मेषक कोण? कोणाची मुलाखत घ्याल? जोडणीची रीत शोधणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ, ती रीत पुण्यात मोठ्या टाक्यांत चालवून दाखवणारे अभियंते, किंमत बोलून दाखवणारे आफ्रिकेतले अधिकारी, की तुकडे जुळवणारा प्रकल्पप्रमुख? इथे लखलखीत क्षण शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. जे घडले ते करारांत, तंत्रज्ञान हस्तांतराच्या अटींत, कोणता धोका कोणी पत्करायचा यात घडले. नवे तंत्रज्ञान फार थोडे होते. नवी होती कामाची रचना. जो मुलाखतकार शास्त्रज्ञाकडे जाऊन ‘सुचले कसे’ विचारेल त्याला ही रचना कधीच दिसणार नाही.

शिवाय या कथेत ज्यांनी नकार दिला त्यांना भेटणे मला फार गरजेचे वाटते. मोठ्या कंपन्यांनी ‘नाही’ म्हटले ते निर्दयपणाने, असे समजून पुढे गेलो की शिकण्यासारखे काही उरत नाही. त्यांच्या ताळेबंदात हीच कारखान्याची जागा आणि हीच माणसे श्रीमंत देशांसाठीच्या लशीवर लावली तर मिळकत कितीतरी अधिक होती. त्यांचा नकार त्यांच्या हिशेबात बरोबर होता. मग पुण्यात तोच हिशेब वेगळा का निघाला? इथला उत्पादनखर्च, आधीपासूनच गरीब देशांना मोठ्या प्रमाणावर स्वस्त लशी पुरवण्याची सवय, आणि नवे तंत्रज्ञान फारसा खर्च न करता पदरात पडण्याची संधी, ही कारणे नकाराशेजारी होकार ठेवल्यावरच उठून दिसतात.

याच कामात एक निर्णय असा आहे की त्याची किंमत पुढे मोजावी लागली. लस फक्त ‘अ’ गटाची करायची, की अनेक गटांची? अनेक गटांची लस महाग झाली असती, उशीरही लागला असता. म्हणून एकच गट घेतला. ‘अ’ गट मागे हटला, पण इतर गट होतेच. २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ गटाची मोठी साथ आली. पुढे पाच गटांवरची लस सीरम आणि पाथने तयार केली. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियात ती वापरात आली. आधीचा निर्णय चुकला होता का? मला तसे वाटत नाही. पण त्या वेळी समोर काय होते, कोणता धोका जाणून पत्करला आणि कोणता लक्षातच आला नाही, हे वेगळे करून सांगणे हाच व्यवस्थापनाचा धडा आहे, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी मोठ्या संस्थांची गोष्ट झाली. जिथे एकच माणूस आहे, ना मंजुरी, ना बैठक, तिथे कसले व्यवस्थापन? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे काम इथे पाहण्यासारखे आहे. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा त्रास, म्हणून त्या चिमुकल्या वाफ्याला काटेरी फांद्यांचे कुंपण केले. हंगामामागून हंगाम बी वेगळे राखत नेले. पुढे हे धान शेजाऱ्यांत आणि बाजारात पसरले, आणि तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले.

‘वेगळ्या लोंब्या तुम्हाला दिसल्या कशा’ या प्रश्नाला उत्तर एका ओळीचे आहे: नजर होती. पण थोडक्या जमिनीतला एक तुकडा उत्पन्नाचा भरवसा नसलेल्या बियाला देणे, बी मिसळू न देणे, भात शिजवून-खाऊन पाहणे, शेजाऱ्याला कधी द्यायचे ते ठरवणे, हे सारे खर्चाचे आणि जोखमीचे निर्णय आहेत. कंपनी नसली तरी व्यवस्थापन आहेच. इथे आणखी एक गोष्ट दिसते. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित केला. श्रेयाचा वाद उभा राहिला तो त्यानंतर. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. कोणत्या हंगामात काय केले याची तारीखवार नोंद कोणी वेळीच करून ठेवली असती, तर ती नोंद त्यांच्या बाजूचा पुरावा ठरली असती. म्हणून निर्णयांची मुलाखत माणसाचे श्रेय हिरावते हा आक्षेप उलटा आहे. सत्कारातल्या गौरवगाथेने श्रेय सिद्ध होत नाही, तपशिलाने होते.

मग विचारायचे कसे? अमेरिकी हवाई दलासाठी महायुद्धकाळात केलेल्या कामातून जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये एक साधी पद्धत मांडली. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ असे मत विचारू नका; काम साधले किंवा बिघडले अशी एक ठरावीक घटना सांगायला लावा, त्या वेळी कोण काय करत होते ते विचारा. नवोन्मेषाला हेच लागू आहे. ‘तुमच्या कंपनीत जोखीम घ्यायला प्रोत्साहन मिळते का’ असे विचारले की ‘हो’ हे उत्तर ठेवलेलेच असते. त्याऐवजी विचारावे: मागच्या वेळी तुम्ही चालू काम बंद केले ते कोणते? कोणत्या बैठकीत? बंद व्हावे असे प्रथम कोण म्हणाले? त्या माणसांना पुढे कोणते काम मिळाले? शेवटच्या प्रश्नात कंपनीचे सगळे अंतरंग येते. फसलेल्या कामातला माणूस पुढच्या वर्षी कुठे बसतो, यावरून तिथे कोणी जोखीम घेईल की नाही हे ठरते, घोषवाक्यांवरून नाही.

सोबत कागद मागावेत. पहिला अंदाजपत्रकाचा अर्ज, फसलेल्या चाचणीचा अहवाल, नकाराचे पत्र. कागद समोर ठेवून बोलले की आठवणीला लगाम बसतो. ‘मला पहिल्यापासून खात्री होती’ म्हणणाऱ्या माणसाने तेव्हाच्या अर्जात विक्रीचा अंदाज किती लिहिला होता, हे त्याच्यासह वाचावे. तो स्वतःच हसेल, आणि तिथून खरी मुलाखत सुरू होईल.

मग मुलाखत हवीच कशाला, कागदच वाचावेत की, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कागदही मंजुरीसाठी लिहिलेले असतात. इतिवृत्तात ठराव येतो, ठरावाआधीची घालमेल येत नाही. अधिकृत परवानगीची वाट न पाहता कोणी स्टोअरमधून सामान उचलून दिले, कोणी आपल्या खात्याच्या खर्चात ते चुपचाप बसवले, हे कुठल्याच फायलीत नसते. ते माणूसच सांगू शकतो, तेही त्याला विश्वास वाटला तर. अपयशाबद्दल कोणी बोलत नाही, हा दुसरा आक्षेप. आज चालू असलेल्या कामाबद्दल खरेच बोलणार नाहीत. पण आठ-दहा वर्षांनी, व्यावसायिक गुपित शिळे झाल्यावर, निवृत्त झालेली माणसे मोकळी होतात. आपल्याकडे त्यांना विचारायला कोणी जात नाही, ही खरी उणीव आहे.

नायकांच्या कथा तरुणांना प्रेरणा देतात, त्या का मोडायच्या, असाही प्रश्न येतो. प्रेरणेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिच्या आडून मिळणाऱ्या सवलतीला. यश एका विलक्षण माणसाच्या तेजाने आले असे ठरले की कारखान्यातल्या व्यवस्थापकाची सुटका होते: आमच्याकडे असा माणूस नाही, आम्ही काय करणार? उलट यश चाचणी बदलण्याच्या निर्णयातून, दुसऱ्यांदा दिलेल्या पैशातून, फसलेल्याला सांभाळून घेण्यातून आले असे दिसले, की तेच त्यालाही करता येण्यासारखे असते. न केल्यास जाबही विचारता येतो.

महाराष्ट्रात याची सुरुवात करायला जागा तयार आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले पुण्याचे व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचे ‘साइन’ यांसारख्या उबवणी केंद्रांत कंपन्या अगदी पहिल्या दिवसांत येतात, निकाल लागण्याच्या कितीतरी आधी. त्यांना तेव्हाच विचारावे: पुढच्या वर्षी काय होईल असे वाटते, काय झाले तर तुम्ही हे काम सोडाल? उत्तर तारीख घालून जपून ठेवावे आणि ठरावीक काळाने पुन्हा विचारावे. यशानंतर घडवलेली खात्री आणि तेव्हाची खरी अनिश्चितता यांतला फरक मग आपोआप दिसेल.

यात सार्वजनिक पैशाचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेची ‘बिग’ योजना एकेका नव्या जैवतंत्रज्ञान कल्पनेला पन्नास लाखांपर्यंत अनुदान देते, आणि अशा अनुदानाच्या अनेक योजना आहेत. अशी सगळीच कामे बाजारापर्यंत पोहोचणार नाहीत, पोहोचावीत अशी अपेक्षाही नाही. पैसा कुठे गेला हे उपयोगिता प्रमाणपत्रातून कळते. काम का सोडले, कोणत्या टप्प्यावर काय कळले, कोणी कशासाठी ‘नाही’ म्हटले, हे त्यात नसते. अनुदानाच्या अटींतच एक कलम घालावे: काम यशस्वी होवो वा बंद पडो, प्रमुखाची आणि निर्णय देणाऱ्या समितीतल्या एकाची तपशीलवार मुलाखत नोंदवली जाईल आणि पाच वर्षांनी ती अभ्यासकांना खुली होईल. बंद पडलेल्या कामाची किंमत लोकांनी मोजलेली असते. त्यातून काय शिकलो, ते त्यांना मागण्याचा हक्क आहे.